कोण आहे घरात?

आप्पांच्या फाटकावर दोन पाट्या होत्या. वरच्या पाटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं, 'केळुसकर, बंदरवाडी'. खालची पाटी लहान होती आणि तिच्यावर नुसते आकडे होते, चार गटांत, मध्ये टिंबं दिलेले. वाडीत नव्याने आलेल्यांना तो फोन नंबर वाटायचा. एकाने तो लावूनही पाहिला होता आणि लागत नाही म्हणून आप्पांकडेच तक्रार केली होती.

जुईली दर मे महिन्यात आईबरोबर पुण्याहून इथे आजोबांकडे यायची. सगळ्यांसारखी तीही त्यांना आप्पाच म्हणायची. यंदा ती सहावीत जाणार होती, आणि यंदा तिने विचारलं, हे आकडे कशाचे?

आप्पांची एक खोड होती. प्रश्नाला ते प्रश्नानेच उत्तर द्यायचे. ते समुद्रशास्त्रज्ञ (समुद्राचं पाणी, त्यातले प्रवाह आणि जीव यांचा अभ्यास करणारे) होते आणि त्यांचं अर्धं आयुष्य जहाजांवर गेलं होतं. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण समुद्राला ते कुणी कळवलेलं नव्हतं.

"आधी घरातली बोलकी यंत्रं मोज," ते म्हणाले.

बोलकी म्हणजे इंटरनेटवरून बोलणारी. जुईली मोजत सुटली. आईचा फोन, आप्पांचा फोन, फ्रिज, विहिरीवरचा पंप, मागच्या खोलीतला संगणक. शिवाय नारळ उतरवणारा यंत्रमानव. तो अस्वलासारखा माडाला मिठी मारून वर चढायचा आणि प्रत्येक नारळ तोडण्याआधी आप्पांच्या फोनवर परवानगी मागायचा. दोन्ही हातांची बोटं संपली तरी यंत्रं संपेनात.

"आणि फाटकावर आकडे एकच," आप्पा म्हणाले. "मग नारळाचा प्रश्न फ्रिजकडे का जात नाही?"

एवढं कोडं तिच्या हातात ठेवून ते किनाऱ्यावर निघून गेले. रविवारची सकाळ होती. ऊन चढेपर्यंत जुईलीने त्या कोड्याशी झटापट केली आणि हरली.

आप्पा परत आले तेव्हा नेहमीसारखे फाटकाशी थांबले, चपलांची वाळू झटकली आणि हाक मारली, "कोण आहे घरात?"

"मी आहे," जुईली ओटीवरून ओरडली.

आईसुद्धा ओटीवरच होती, खांबाला टेकून वाचत. तिने मान वर केली नाही. फक्त पान उलटलं.

आम्ही घरातच असतो हे माहीत असून रोज काय विचारता, असं जुईलीने म्हटलं तेव्हा आप्पा पायरीवर बसले. पूर्वी ते महिनोन्महिने समुद्रावर असायचे, आणि आले की असेच फाटकाशी थांबून हाक द्यायचे. "दर्यावरून आलेल्या माणसाला आपण पोचलो हे लवकर खरं वाटत नाही," ते म्हणाले. "आतून कुणी 'आहे' म्हटलं, की पोचलो." मग त्यांनी आईकडे पाहिलं. "तुझी आजी उत्तर द्यायची. हिने कधी दिलं नाही. मी आलो की ही माळ्यावर जाऊन बसायची आणि शिडी वर ओढून घ्यायची."

"शिडी जड होती," आई पुस्तकातूनच म्हणाली. "ती कुणी ओढत नव्हतं. ती तिथेच असायची."

आप्पा हसले, पण अर्धवटच. मग ते जुईलीला मागच्या खोलीत घेऊन गेले.

तिथे भिंतीवर एक करडी पेटी होती, तिच्यावर एक हिरवा दिवा. हा राउटर (घरातल्या यंत्रांचं टपाल ज्याचं त्याला पोचवणारी पेटी). "हा आपला ओटीवर बसलेला माणूस," आप्पा म्हणाले. त्यांनी समजावलं ते असं. घरातल्या प्रत्येक यंत्राला हा माणूस आतला पत्ता देतो. आपल्या घरातले आतले पत्ते १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. फोनने बाहेरून काही मागवलं, की हा त्या मागणीवर फाटकावरच्या पाटीचा पत्ता घालतो, बाहेर धाडतो, आणि लक्षात ठेवतो की हे फोनचं. उत्तर येतं ते पाटीच्या पत्त्यावर, आणि हा ते फोनच्या हातात देतो. म्हणून नारळाचा प्रश्न फ्रिजकडे जात नाही.

"मग आतल्या पत्त्यावर थेटच का नाही पाठवत?" जुईलीने विचारलं.

"कारण ते पत्ते लाखो घरांत तेच असतात. बंदरावर उभं राहून कुणी 'माजघरात नेऊन द्या' म्हणालं, तर कुणाच्या माजघरात नेणार?"

राउटरच्या खाली आणखी एक डबी होती, काडेपेटीहून थोडी मोठी. ती काय करते? "ती नुसता पूल आहे," आप्पा म्हणाले. "रस्त्यावरून काचेची बारीक तार येते, तिच्यातून प्रकाश येतो. ही डबी त्याची वीज करते आणि पुढे सोडते. कोण, कुठला, कुणाकडे, काही विचारत नाही. विचारायचं काम राउटरचं."

तेवढ्यात संगणकाने घंटा वाजवली आणि दोघेही तिकडे धावले. रविवारी दुपारी तारली यायची.

तारली हे आप्पांनी स्वतः बनवलेलं समुद्री घसरयान होतं (इंजिनाशिवाय, फक्त जड-हलकं होऊन पाण्यात खालीवर घसरत पुढे जाणारं यंत्र). माणसाएवढी लांब, पिवळी, दोन आखूड पंखांची. आठवडाभर ती खोल पाण्याचं तापमान आणि त्यातला प्राणवायू मोजत फिरायची. रविवारी वर यायची, शेपटीचा अँटेना हवेत काढायची आणि उपग्रहामार्फत थेट फाटकावरच्या पत्त्यावर हाक द्यायची. पडद्यावर अक्षरं उमटायची: 'कोण आहे घरात?' हे शब्द तिला आप्पांनीच दिले होते. इकडून 'आहे' असं उत्तर गेलं, की ती माहिती द्यायची आणि नवा हुकूम घ्यायची. उत्तर नाही आलं तर थोडी थांबून पुन्हा बुडी मारायची आणि जुन्याच हुकमाप्रमाणे पुढे जायची.

जुईलीच्या लक्षात एक गोष्ट आली. फोन आधी काहीतरी मागतो, मग उत्तर येतं. तारलीला तर घरातून कुणी बोलावलेलंच नसतं. मग ओटीवरचा माणूस तिला आत कसा घेतो?

आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिला परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं. "त्याला मी बजावून ठेवलंय, की या दारावर तारली आली तर मागच्या खोलीत सोड." याला पोर्ट फॉरवर्डिंग (ठरावीक दारावर आलेलं टपाल आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवणं) म्हणतात. त्यांनी राउटरचं पान उघडून ती सूचनाही तिला दाखवली.

त्या दिवशी त्यांनी तारलीला आणखी पश्चिमेला जायला सांगितलं. तिकडे पाण्याचा एक ऊन पट्टा तयार झाला होता, तो जवळून बघायचा होता. पुढच्या रविवारी परत वळवू, ते म्हणाले. फार तर त्याच्या पुढचे दोन रविवार. त्यानंतर बॅटरीत परतण्याइतकी वीज उरणार नाही. "आणि परतीचा हुकूम तू द्यायचा," ते जुईलीला म्हणाले.

सोमवारी सकाळी चहा गार झाला तरी आप्पा उठले नाहीत.

*

मग घर माणसांनी भरलं. ओटीवर, पडवीत, खळ्यात, सगळीकडे माणसं आणि प्रत्येकाच्या हातात फोन. कुणाचं बोलणं अर्ध्यात तुटायचं, कुणाला लांबच्या नातलगांना दिवसांचे विधी दाखवायचे असायचे, आणि आप्पांचा जुना राउटर एवढ्यांना पुरेना.

कुडाळहून आईचा मावसभाऊ आला होता, सुदेशमामा. दुःख झालं की त्याचे हात चालू लागायचे. त्याने मांडव घातला, खुर्च्या आणल्या, चहाची व्यवस्था लावली, आणि तिसऱ्याच दिवशी इंटरनेट कंपनीच्या माणसाला बोलावून नवी पेटी बसवून घेतली. काळी, चकचकीत, चार अँटेना वर केलेली, उलट्या पडलेल्या खेकड्यासारखी. कंपनीच्या माणसाने जुनी डबी काढून नेली आणि काचेची तार बाहेरच्या खोलीत ओढून या नव्या पेटीत खोचली. मामाचा हात आप्पांच्या राउटरकडे गेला तेव्हा दारातून आई म्हणाली, "त्याला कुणी हात लावायचा नाही."

मामाने हात मागे घेतला. पण ताईचं मन राखायचं म्हणून त्याने नव्या पेटीतून एक तार काढून आप्पांच्या राउटरला जोडून दिली. हिरवा दिवा चालू राहिला. सगळ्यांचे फोन धावू लागले आणि मामा फाटकाशी खुर्ची टाकून बसला. येणाऱ्याजाणाऱ्याने ताईला सारखं उठवू नये, म्हणून तो प्रत्येकाशी स्वतःच बोलायचा आणि बऱ्याच जणांना तिथूनच परत पाठवायचा.

पहिल्या रविवारी घंटा वाजली नाही. गर्दीत ऐकू आली नसेल, असं जुईलीने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या रविवारी पाहुणे पांगले होते आणि ती संगणकासमोरून हलली नाही. तेव्हाही पडदा कोराच राहिला. इंटरनेट तर चालू होतं. हवामान दिसत होतं, चित्रफिती चालत होत्या, नारळवाला यंत्रमानव इमानाने परवानगी मागत होता. घरातून बाहेर सगळं जात होतं. बाहेरून तारली तेवढी येत नव्हती. बुडाली असेल का? जाळ्यात अडकली असेल?

मामाही कुडाळला परतला. घरात दोघीच उरल्या आणि दोघींनाही एका जागी बसवेना. आई घासलेली भांडी पुन्हा घासायची, घडी केलेल्या चादरी उलगडून पुन्हा घडी करायची. जुईली मागच्या खोलीतून फाटकापर्यंत आणि फाटकापासून मागच्या खोलीपर्यंत चकरा मारायची. वाटेत दोघी एकमेकींना आडव्या यायच्या आणि बाजूने पुढे जायच्या.

तशीच एकदा ती फाटकाशी असताना बस्त्यावकाका आले. ते आप्पांचे दोस्त, अजूनही स्वतःची होडी समुद्रात नेणारे. ते दिवसांतही भेटायला आले होते, पण फाटकावरूनच परत गेले होते. "मामान माका आत सोडूक नाय," ते म्हणाले, रागाने नव्हे, नुसतं सांगायचं म्हणून. मामाने त्यांना विचारलं होतं, कोण तुम्ही, काय काम? त्यांनी सांगितलं, मासळीबद्दल बोलायचंय. सुतकाच्या घरात मासळी कुणाला हवी? मामाने हात जोडून त्यांना वाटेला लावलं होतं.

ती मासळी म्हणजे तारली होती. पहिल्या रविवारी त्यांना ती खूप दूर पश्चिमेला दिसली होती, शेपटी वर करून पाण्यावर थांबलेली. एरवी थांबते त्याहून जास्त वेळ. होडी जवळ नेईपर्यंत तिने बुडी मारली होती.

म्हणजे ती बुडाली नव्हती. ती हाक देत होती, आणि घरातून कुणी 'आहे' म्हणत नव्हतं. आणि दर रविवारी ती आणखी दूर जात होती.

जुईली धावत आईकडे गेली. आईने ऐकून घेतलं, मग हातातली चादर ठेवली. "सोमवारची गाडी आहे आपली," ती म्हणाली. "घर बंद करायचंय. इंटरनेटही काढून टाकायचंय."

"आणि तारली?"

"ते यंत्र आहे, जुई." आईने पुन्हा चादर उचलली. "समुद्रातल्या यंत्रांनी या घराचा पुष्कळ वेळ घेतलाय."

*

तिसरा रविवार उजाडला. शेवटचा.

आई सामान बांधत होती. जुईली मागच्या खोलीत गेली आणि आप्पांनी दाखवलं होतं तसं राउटरचं पान उघडलं. तारलीसाठीची सूचना जागच्या जागी होती. संगणक चालू होता. सगळं आप्पांनी ठेवलं तसंच. मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली: 'बाहेरचा पत्ता'.

ती पळत फाटकाशी गेली, खालची पाटी वाचली आणि आकडे पुटपुटत परत आली. जुळत नव्हते. पडद्यावरचा बाहेरचा पत्ता सुरू होत होता १९२.१६८ ने.

माजघरातला पत्ता. आप्पांच्या राउटरला वाटत होतं आपण ओटीवर आहोत, आणि तो बसला होता माजघरात. मग ओटीवर कोण होतं?

तिने तार हातात धरली आणि तिच्यामागोमाग बाहेरच्या खोलीपर्यंत गेली. तारेच्या दुसऱ्या टोकाला तो काळा खेकडा होता.

"आई, इथे ये. आत्ता ये."

आई आली ती वैतागूनच. जुईलीला आधी नीट सांगता येईना, मग एकदम सांगता आलं. नवी पेटी म्हणजे नुसता पूल नाही, तीसुद्धा राउटरच आहे. म्हणजे दारात दोन माणसं झाली, एकामागे एक. तारली पाटीच्या पत्त्यावर येते आणि हाक मारते. बाहेरचा माणूस म्हणतो, तुला कुणी बोलावलं? मला काही सांगून ठेवलेलं नाही. आणि तिला परत पाठवतो. आतल्या माणसाला सगळं माहीत आहे, पण त्याच्यापर्यंत हाक पोचतच नाही.

"मामाने बस्त्यावकाकांना परत पाठवलं ना, तसं," ती म्हणाली. "तू आतच होतीस. तुला कळलंच नाही ते येऊन गेले ते."

आई थोडा वेळ त्या दोन पेट्यांमधल्या तारेकडे बघत राहिली. मग ती खाली बसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच काम नसताना बसली होती.

कॉलेजात ती इतिहास शिकवायची आणि तिला शंका काढायची सवय होती. बाहेरची पेटी काढूनच टाकली तर? नाही चालणार, जुईली म्हणाली, प्रकाशाची वीज करणारी जुनी डबी गेली, ते काम आता हीच करते. मग आतली काढली तर? तिच्याबरोबर आप्पांच्या सगळ्या सूचना जातील. जुईलीने हे म्हणताना आईकडे पाहिलं नाही, आणि आईनेही पुन्हा तो प्रश्न काढला नाही. मग बाहेरच्यालाही बजावून ठेवलं तर? ते चाललं असतं. पण मग प्रत्येक गोष्ट दोघांनाही सांगत बसायची, आणि एकाला सांगून दुसऱ्याला सांगायची राहिली की पुन्हा गोंधळ.

"त्याने दारात राहावं," जुईली म्हणाली. "फक्त उलटतपासणी करू नये. त्या जुन्या डबीसारखं. पुलासारखं."

नव्या पेटीची पानं कुणालाही बघता यायची, पण त्यांत बदल करायला लागणारा परवलीचा शब्द मामाकडे होता. जुईलीने त्याला फोन लावला. मामाने ऐकलं आणि पेटीच्या पानावर काय काय दिसतंय ते वाचून दाखवायला सांगितलं. तिसऱ्या पानावर हवी ती ओळ होती. 'कामाची पद्धत: राउटर' आणि त्याखाली 'ब्रिज'. ब्रिज म्हणजे पूल, हे जुईलीला शाळेतच कळलं होतं. ब्रिज मोड (आलेलं टपाल न उघडता, न अडवता जसंच्या तसं पलीकडे सोडण्याची पद्धत) म्हणजे काय, हे तिला आत्ता कळलं.

"अगं, पण ते केलंस तर तिचं वाय-फाय बंद पडेल," मामा कळवळला. "वाटपाचं सगळं काम आप्पांच्या जुन्या डब्याकडे जाईल. मग मी एवढी चार शिंगांची पेटी आणली कशाला?"

"तुझी पेटी नसेल तर इंटरनेट घरात येणारच नाही, मामा. तिने दारातच बसायचं. फक्त बस्त्यावकाकांना आत सोडायचं."

"ते मासेवाले आजोबा?" मामाने विचारलं. "त्यांना आत सोडायला हवं होतं?"

"ते आप्पांचे सगळ्यात जुने दोस्त आहेत, सुदेश," आई फोनजवळ येऊन म्हणाली. "तुला कसं माहीत असणार? मी तुला सांगून ठेवलं नव्हतं."

मामाने परवलीचा शब्द एकेक अक्षर करून सांगितला. जुईलीने 'ब्रिज' निवडलं आणि बटण दाबलं.

खेकड्याचे सगळे दिवे गेले. फोन घरातल्या वाय-फायवरून लागला होता, तोही मामाच्या अर्ध्या वाक्यात तुटला. जुईली एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. सूर्य माडांच्या डोक्यावर आला होता. तारली कुठल्याही क्षणी वर येणार होती. एक दिवा लागला, मग दुसरा. तिने धावत जाऊन आप्पांच्या राउटरचं पान पाहिलं.

१९२.१६८. अजूनही तेच.

तिला रडू आलं. मग तिने डोळे पुसले आणि आप्पांसारखा प्रश्नालाच प्रश्न केला: हा अजून जुनाच पत्ता का सांगतोय? कारण याला कुणी सांगितलेलंच नाही, की पुढचा माणूस आता पूल झाला. याने पुन्हा पहिल्यापासून विचारायला हवं, माझा पत्ता कोणता? म्हणजे याला एकदा बंद करून चालू करायला हवं.

ती आईकडे वळली. आप्पा गेल्यापासून तो हिरवा दिवा विझला नव्हता. आई रोज त्याच्या आजूबाजूची धूळ पुसायची, त्याला स्पर्श न करता.

"बंद करावा लागेल," जुईली म्हणाली. "थोडाच वेळ."

"आणि नाही लागला परत?"

आईने पदर खोचला, भिंतीशी गेली, आणि जुईलीला वाटलं ती आता नको म्हणणार. पण आईने डोळे न मिटता, सरळ बघत, बटण बंद केलं.

हिरवा दिवा गेला. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज राहिला. आई बटणावर बोट ठेवून उभी होती आणि जुईली ओठ हलवत आकडे मोजत होती, कितीपर्यंत ते तिलाही माहीत नव्हतं. मग तिने मान हलवली. आईने बटण चालू केलं.

आधी तांबडा. मग पिवळा. तो पिवळा दिवा फार वेळ तसाच राहिला. आणि मग हिरवा.

'बाहेरचा पत्ता' या ओळीत नवे आकडे आले होते. जुईली ते मोठ्याने वाचत अंगणात पळाली, आणि फाटकाशी पोचेपर्यंत तिचा आवाज एवढा वाढला होता, की शेजारच्या माडावरचा यंत्रमानवही थबकला असं तिला वाटलं. पाटीवर आणि तिच्या तोंडात तेच आकडे होते. एकूण एक.

ती परत फिरली तेव्हा आतून घंटा वाजत होती.

आई पडद्यासमोर उभी होती. पडद्यावर अक्षरं होती: 'कोण आहे घरात?' जुईलीने धापा टाकत 'आहे' असं लिहून पाठवलं. तारलीने तीन आठवड्यांचं सगळं साठवलेलं ओतायला सुरुवात केली, खोली, तापमान, प्राणवायू, ओळींमागून ओळी. आप्पांनी जो ऊन पट्टा बघायला पाठवलं होतं, तो तिने आरपार मोजून आणला होता. शेवटी बॅटरी. फार थोडी होती. पण होती.

जुईलीने परतीचा हुकूम दिला. नकाशावरचा पिवळा ठिपका क्षणभर तसाच राहिला, मग त्याचं टोक फिरलं आणि किनाऱ्याकडे वळलं. तारलीने बुडी मारली.

प्रवाह साथ देत होता. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आधी ती बस्त्यावकाकांच्या टप्प्यात येणार होती. त्यांनी तिला उचलून आणावं, जुईलीने तिची बॅटरी बदलावी, आणि पाऊस सरला की तिला पुन्हा पाण्यात सोडावं. एवढं सगळं जुईलीने एका दमात ठरवूनही टाकलं. त्या ऊन पाण्याची माहिती आप्पांच्या विद्यार्थ्यांना पाठवायची होती. आणि तारलीचे पंख थोडे लांब केले तर? ती तोंडाने बोलत होती आणि बोटाने टेबलावर पंख काढत होती.

"सोमवारची गाडी?" तिला मध्येच आठवलं.

"पुढच्या आठवड्यात जाऊ," आई म्हणाली. "इंटरनेट राहू दे."

जुईली बस्त्यावकाकांना सांगायला बंदराकडे पळाली. फाटकाशी पोचल्यावर तिला आठवलं, की तारलीची जागा दाखवायला नकाशा लागेल. ती वळली आणि मागच्या खोलीच्या दारापर्यंत येऊन थांबली.

आई आप्पांच्या खुर्चीत बसली होती. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात तारलीच्या हाकेची ती पहिली ओळ अजून तशीच होती. आई ती बघत होती. माळ्यावर बसलेली लहान मुलगी खालचा आवाज ऐकत बघते, तसं काहीसं.

"मी आहे, आप्पा," ती म्हणाली. आवाज साधाच होता, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसा. "तेव्हाही असायचे. तुमची हाक ऐकू यायची मला. तुम्ही शिडी चढून वर याल, म्हणून वाट बघायचे."